झोपाळ्याची कमाई

बँकेच्या काउंटरवर मृदुलाचा फोन पुन्हा किणकिणला. घरचा झोपाळा हलत होता, त्यातून तयार होणारी वीज कंपनीला जात होती आणि तिचे पैसे खात्यात पडत होते. आज दुपारीही ते जवळजवळ दुप्पट होते! म्हणजे झोपाळ्यावर दोघांचं वजन होतं. घरी तर तिचे यजमान, हेरंब, एकटेच होते.

शेजारच्या उल्काचं ते लाडिक हसणं आठवून मृदुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिने घर गाठलं आणि चपला न काढताच ती आत घुसली.

हेरंब संथपणे झोके घेत होते. शेजारी तांदळाचं पोतं बसवलेलं होतं आणि ते कलंडू नये म्हणून त्यांनी त्याला एका हाताने कवेत घेतलं होतं.

"वजन वाढलं की वीज वाढते," ते ओशाळून म्हणाले.

मृदुलाला खरं तर हसू यायला हवं होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या शेजारी ते असे कधी बसले नव्हते.

"उतरवा त्याला खाली," ती फणकारली. "मी बसते तिथे."

हेरंबांनी पोत्यावरचा हात काढला नाही.

"अगं, पण हे पन्नास किलोचं आहे," ते म्हणाले. "तू कशीबशी पंचेचाळीस भरशील."