उतरतानाचा दिवा

ह्यांनी घरीच बांधलेल्या छोट्या विमानाला उतरताना लावायचा दिवा बसवायचा होता. टेबलावर दोन होते. ह्यांनी हलका उचलला. "हाच. वजन वाचेल. नाहीतरी मी दिवसाच उडणार."

"मोठा बसवा ना," मी म्हणाले.

"कुमुद, विमान आहे हे. देवघर नाही!"

हे उडाले की धावपट्टीच्या कडेला जप करत उभं राहायचं, चाकं टेकेपर्यंत पाणी घ्यायचं नाही, हा माझा नेम. आज बोलावंच लागलं. "अहो, मला हल्ली आभाळात विमान दिसत नाही. नुसता आवाज येतो. दिव्याचा उजेड तेवढा कळेल."

ह्यांचा हात थांबला. "डोळे अधू झालेत, आणि बोलली नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही उडणं सोडलं असतं."

हे मोठा दिवा बॅटरीला जोडून मला घेऊन धावपट्टीवर आले आणि उजेड माझ्याकडे धरून उलट पावली लांब लांब जात राहिले. थांबून थांबून ओरडायचे, "दिसतो का गं?"

"दिसतो!"

हळूहळू भर उन्हात हे दिसेनासे झाले. दिवा दिसत होता. मी हात जोडले.