अहिल्याबाईंची खुर्ची

रविवारी सकाळी शांतारामांनी दोन्ही व्हीआर हेडसेट चार्जिंगवरून काढले. एक स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. दुसरा, अहिल्याबाईंचा, शेजारच्या उशीवर जपून ठेवला. मयूर विहारचा फ्लॅट नाहीसा झाला आणि समोर तीन खुर्च्यांची गॅलरी आली. कॅनडातून स्वरूपा आधीच येऊन बसली होती.

"फोनवर आपण नुसतं बघतो, बाबा. ही जागा कुठेच नाहीये, पण इथे आपण एकत्र असतो," असं तिनेच दिवाळीत समजावलं होतं.

तिसऱ्या खुर्चीत अहिल्याबाई होत्या. निळी साडी, मान खाली. हेडसेट काढून कोणी चहा ठेवायला उठलं, की त्याची आकृती इथे अशीच मान खाली घालून बसून राहायची. अहिल्याबाई पंधरा दिवसांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून उठल्या होत्या. परवा त्यांचं तेरावं झालं. व्हिसाच्या घोळात लेकीला येता आलं नव्हतं. आत्ताही ती आईकडे पाठ करूनच बसली होती.

"बाबा, आईला लॉग-आउट करा ना, प्लीज. मला भीती वाटते."

"चार्जिंग संपलं की जाईल आपोआप."

"अच्छा? आणि रोज चार्ज कोण करतं?"

शांतारामांची चोरी पकडली गेली. जन्मभर सरकारी फायली बंद केल्या, ही एक काही बंद करवेना.

"बरं, करतो," ते कसंबसं म्हणाले.

लॉग-आउटचं बटण अहिल्याबाईंचा हेडसेट घातला तरच दिसायचं. त्यांनी आपला काढला, तिचा उचलला. पट्टा अजून तिच्याच मापाचा होता. त्याला तिच्या तेलाचा वास येत होता. त्यांनी तो ओढून डोळ्यांवर बसवला.

तीच गॅलरी, पण तिच्या खुर्चीतून. शेजारी एक म्हातारा मान खाली घालून बसला होता. स्वतःला ओळखायला त्यांना एक क्षण लागला.

मागे हालचाल झाली तशी स्वरूपा वळली आणि आईची वर आलेली मान पाहून ताडकन उठली. "आई?"

बटण समोरच होतं. शांतारामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आवाज त्यांचाच निघाला असता.

लेकीने एकदा बाबांच्या झुकलेल्या मानेकडे पाहिलं. तिला कळलंच असणार. तरी ती त्या खुर्चीपाशी येऊन बसली.

"आई, मला नाही येता आलं गं. रागावलीस?"

अहिल्याबाईंनी नाही म्हणून मान हलवली.