सामना संपेपर्यंत

“सामना संपेपर्यंत दिव्यापुढून उठायचं नाही, रत्ना. तू बघायला गेलीस की पोरीला लागतं.”

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांचा आवाज अजून देव्हाऱ्याशेजारीच बसलेला असायचा. रत्नप्रभाने निरांजनाची वात पुढे सारली, पाटावर बसली आणि हात जोडले. मुलुंडच्या त्या चाळीला खेटूनच विद्यापीठाची उंच भिंत होती. पलीकडचा भोंगा ओरडला, “यजमान संघाची पहिली चढाई… रुचिरा!”

रुचिरा तिची एकुलती एक. कबड्डीच्या जोरावरच त्या महागड्या खाजगी विद्यापीठात बिनफीची जागा मिळालेली. पहिल्या सामन्याला रत्नप्रभा हौसेने गेली होती, पुढच्याच रांगेत बसली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत पोरीचा खांदा निखळला. त्यानंतर सासूबाईंनी हा नेम घालून दिला. तेव्हापासून रुचिराला साधं खरचटलंही नव्हतं. मग नेम मोडायचा कुणाच्या भरवशावर?

पण मैदानात प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या राहत होत्या. विद्यापीठाचा क्रीडा अधिकारी हर्षद चाळीत दारोदार फिरून पिवळ्या टोप्या वाटून गेला. टोप्या सगळ्यांनी घेतल्या. सामन्याला कुणी फिरकलं नाही. परवा तो पुन्हा आला, गॅलरीत अवघडून उभा राहिला.

“काकू, भिंतीला लागून चाळ, आणि एक माणूस येत नाही. वरचे म्हणतात, ज्या मुलींना शेजारी विचारत नाहीत, तो संघ ठेवायचा कशाला? येत्या सामन्याला ते स्वतः येऊन बघणार आहेत. संघ गेला की मुलींच्या जागाही गेल्या.”

शेजारच्या पार्वतीवहिनी दारातूनच कडाडल्या, “आमच्या पोरांच्या मैदानार भिंत घातलात. आता टाळ्यो वाजवूक आमी व्हये?”

हर्षद खाली मान घालून गेला.

आज दुपारी निघताना रुचिरा उंबऱ्यावर बुटाची नाडी बांधत बसली होती. “आई, तुझा दिवा मला माहितीय गं. पण चढाई करून मागे वळते ना, तेव्हा समोर नुसत्या खुर्च्या असतात. वाट लागते माझी. तू एकदा ये ना.”

“येते,” रत्नप्रभा बोलून गेली.

बोलली आणि जीभ चावली. सोमवार आणि चतुर्थी कधी न चुकवणारी बाई ती. देवापुढचा शब्द आणि लेकराला दिलेला शब्द, दोन्ही तिला सारखेच. कोणता मोडायचा? ती पाटावर बसून राहिली. भोंगा गुण सांगत होता. प्रत्येक शिट्टीला तिचा हात पदराकडे जात होता.

आणि भोंगा मध्येच अडखळला.

“रुचिरा पडली आहे,” एवढंच म्हणून गप्प झाला.

रत्नप्रभाने ज्योतीकडे पाहिलं. ज्योत शांत होती. ती पाटावरून हलली नव्हती, मैदानाकडे तिने पाहिलंही नव्हतं. तरीही पोर पडली होती. म्हणजे एवढे दिवस…? पुढचं मनात आणायचीही तिला भीती वाटली. तिने निरांजन उचललं, पदराचा आडोसा केला आणि ती दाराबाहेर आली. दिवा सोडून जायची छाती नव्हती. बसून राहायचीही नव्हती.

भोंगा खरखरला. “रुचिरा उठली आहे. खेळाडू ठीक आहे. मध्यंतर!”

गॅलरीभर एक सुस्कारा सुटला.

रत्नप्रभा दचकली. गॅलरीत तर चिटपाखरू नव्हतं. सुस्कारा लोटलेल्या दारांमागून आला होता.

तिने पार्वतीवहिनींचं दार हळूच ढकललं. देवांपुढे निरांजन तेवत होतं. त्याच्याजवळ हर्षदने वाटलेली पिवळी टोपी होती, हळदकुंकू वाहिलेली. वहिनी पाटावर बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरलेले होते. पलीकडे शकूच्या दाराच्या फटीतूनही तसाच उजेड होता. त्याच्या पलीकडेही.

“वहिनी, तुम्हीसुद्धा?”

“तुका काय वाटला? तुझ्या एकटीच्या दिव्यार आपला चेडू रुचिरा खेळता?” वहिनींनी पदराने नाक पुसलं. “तुझ्या सासून आमकाव सांगितल्यान हुता. सामनो संपासर उठूचा नाय म्हणान.”

रत्नप्रभाला रिकाम्या खुर्च्या दिसल्या. ओळीने, एकेका दारामागे दिव्यापाशी बसलेल्या बाईची एकेक.

“मी तिला येते म्हणाले, वहिनी,” ती कशीबशी म्हणाली. “पण पुन्हा काही झालं तर? हा दिवा…”

पार्वतीवहिनींनी तिच्या हातातून निरांजन काढून घेतलं आणि आपल्या निरांजनाशेजारी ठेवलं.

“माझ्या गुडघ्यांका जिनो झेपणा नाय. मी हंयच बसतंय.” मग त्यांनी गॅलरीकडे तोंड करून हाक मारली, “शकू! सगळ्यांचे दिवे हंय हाड!”

दारं उघडली. बायका ज्योतीला हात आडवे धरून येत गेल्या, दिवा ठेवत गेल्या. वहिनींची एवढीशी खोली लखलखली. वहिनींनी आपली टोपी उचलून रत्नप्रभाच्या डोक्यावर पदरावरूनच ठेवली. कुंकवाचे कण तिच्या कपाळावर सांडले. ते तिने पुसले नाहीत.

ती जिन्याकडे वळली. तोंडात देवाचं नाव होतं. पहिल्या पायरीवर ती थांबली. मागे न पाहता उतरू लागली. मागून एकेका दाराला बाहेरून कडी लागल्याचा आणि जिन्याकडे येणाऱ्या पावलांचा आवाज येत राहिला.