बटणवाली

"आजचा हा सातवा," मेणबत्तीवाली म्हणाली आणि तिने फोन मैत्रिणीपुढे धरला.

पिशवीवालीने तो हातभर लांब नेऊन पाहिला आणि परत दिला. "तूच वाच बाई. चष्मा मोडलाय, दुरुस्तीला टाकलाय. तोवर माझी आंधळी कोशिंबीर."

"'नमस्कार ताई! आमचा साबण घरपोच मोफत पाठवतो. तुम्ही फक्त पाच तारे आणि चार गोड ओळींचा रिव्ह्यू द्या. वापरलाच पाहिजे असं नाही.'"

"म्हणजे आंघोळ न करताच अंग चकाचक!"

दोघी हसल्या. मेणबत्तीवालीचं हसू मात्र लवकर आटोपलं.

घरी बसून हाताने वस्तू बनवणाऱ्या चारशे बायकांचा हा ऑनलाइन गट दोघींनी नऊ वर्षांपूर्वी उभा केला होता. वस्तू दाखवा, विका, एकमेकींना शिकवा. पण समोरचीने म्हटल्याशिवाय कुणाकडे रिव्ह्यू मागायचा नाही, हा पहिला नियम. गटात सगळ्या टोपणनावाने वावरत. त्यांचे खरे नंबर फक्त या दोघींकडच्या छापील यादीत असत.

आणि तरीही दोन महिन्यांपासून बायकांच्या नंबरांवर हे मेसेज येत होते. नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वस्तूखाली कुणीतरी एक तारा टाकून जाई. लोकरवालीने वैतागून विणकाम विकणंच बंद केलं. पंचवीस जणी गट सोडून गेल्या. "नंबर तुमच्यातूनच बाहेर गेलेत," असं त्यातली एक तोंडावर सांगून गेली.

यादी दोघींकडेच. त्यातली एक मेणबत्तीवाली स्वतः. मग उरलं कोण?

हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. तिच्या ऑपरेशनच्या वेळी याच बाईने पंधरा दिवस शिलाई बंद ठेवून तिच्या घरी डबे पोचवले होते. पण एकदा डोक्यात शिरलेला किडा काही स्वस्थ बसू देईना.

शेवटी तिने एक जुना फोन काढला, त्यात नवा नंबर घातला आणि तो स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये चमच्यांखाली ठेवला. मग वहीत नवी यादी लिहिताना मध्येच एक नाव घुसडलं: बटणवाली. अशी बाई गटात नव्हती, जगातही नव्हती. तिच्यापुढे त्या जुन्या फोनचा नंबर. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे दर खेपेसारखी यादी त्याच्याकडून टाइप करून घेतली, एकच प्रत छापली, पाकिटात घातली. पाकिटाच्या तोंडावर निळ्या मेणाचा थेंब पाडून त्यावर बोटातल्या अंगठीचा ठसा उठवला. ही तिची जुनी हौस. पिशवीवाली दर वेळी चेष्टा करायची, "आलं बाई राजदरबाराचं पत्र!"

या वेळीही तिने तेच म्हटलं आणि पाकीट शिलाई मशीनच्या खणात टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चमच्यांखालचा फोन वाजला.

"नमस्कार ताई! आमचा साबण घरपोच मोफत पाठवतो..."

मेणबत्तीवाली ओट्याला टेकून खाली बसली. वितळायला ठेवलेलं मेण करपल्याचा वास सुटला तरी ती उठली नाही. राग नंतर आला. आधी नुसतं रडू आलं.

वास येऊन नवरा आतल्या खोलीतून धावत आला. नवीन नोकरी लागल्यापासून तो घरूनच काम करायचा, एवढं एक बरं होतं. त्याने गॅस बंद केला, तिला पाणी दिलं.

"यादी पिशवीवालीनेच बाहेर दिली," ती म्हणाली. "पुरावा मिळालाय."

"कसला?"

"मिळालाय एवढं पुरे."

त्याने तिच्या हातातला पेला ओट्यावर ठेवला. "मग काढून टाक तिला. माणूस ओळखायला चुकतो आपण कधी कधी." आणि त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तिने लगेच फोन लावला. "तुला गटातून काढलंय. का ते तुला ठाऊक आहे."

पलीकडे मशीनची घरघर थांबली. "मला काय ठाऊक असणार गं?"

"नाटकं पुरे."

"अगं, निदान झालंय काय ते तरी सांग!"

"नऊ वर्षांच्या मैत्रीनंतर केसाने गळा कापलास, वर मलाच विचारतेस?"

तिने फोन ठेवला आणि गटात लिहिलं: घरभेदी सापडली, आता निर्धास्त राहा. दीडशे जणींनी टाळ्यांचं चित्र टाकलं.

आठवडा गेला. एका दुपारी दारावरची बेल वाजली. दारात पिशवीवाली उभी होती. डोळ्यांवर चष्मा होता, डोळे सुजलेले. तिने स्वतः शिवलेली एक पिशवी पुढे केली.

"गटाचं जे काही माझ्याकडे होतं ते यात आहे. बघून घे. नंतर म्हणशील, ठेवून घेतलं."

"ठेव तिथे."

"ती नवी यादी तशीच राहिली. चष्मा कालच मिळाला."

पाणीसुद्धा न घेता ती जिना उतरून गेली.

मेणबत्तीवालीने पिशवी टेबलावर उपडी केली. गटाची वही. गटाचा शिक्का. जुन्या याद्यांची चळत. सगळ्यांत शेवटी पाकीट बाहेर पडलं. तोंडावरचा निळा थेंब अखंड होता. अंगठीचा ठसाही जसाच्या तसा.

"कोण होतं गं?" नवऱ्याने आतून विचारलं.

ती ठशावरून बोट फिरवत राहिली. उत्तराची वाट न पाहता आतली कीबोर्डची टकटक पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळाने टकटक थांबली, आणि स्वयंपाकघरात चमच्यांखालचा फोन वाजला.