टोपाआडची माणसं

नवऱ्याला पत्ता लागू नये म्हणून नियेवेसने वर्षभरात दोनदा गाव बदललं होतं, लांब केसही कापून टाकले होते. ईस्टरच्या सुट्टीत ती लेकीला स्पेनमधलं सेव्हिया शहर दाखवायला घेऊन आली. एवढ्या गर्दीत कोण ओळखणार?

ईस्टरच्या आठवड्यातली चर्चची मिरवणूक आली. तोंड झाकणारे उंच टोकदार टोप, डोळ्यांपुरती दोन भोकं. छोटी कांदेला आईच्या मागे लपली.

"घाबरतेस काय, वेडाबाई?" शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या, नुकतीच ओळख झालेल्या आंपारो मावशी हसल्या. "टोपाआड सगळी आपलीच माणसं. हात पुढे कर, गोळ्या देतात."

"मग बोलत का नाहीत?"

"नेम असतो त्यांचा. घरी पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

कांदेलाने भीत भीत हात पुढे केला. एक टोपवाला थांबला, वाकला, तिच्या मुठीत गोळ्या ठेवून रांगेत मिसळला. नियेवेस कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

"आई, हा तर बोलला!"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आईला सांग, आखूड केस शोभतात तिला."

नियेवेसने वर पाहिलं. शेकडो टोप संथपणे पुढे चालले होते, सगळे एकसारखे.