एकाच ताटात

मालनबाईंनी सेफ्टी पिन उघडली आणि शंभूच्या उघड्या पाठीशी नेली. रात्रपाळी करून आलेला लेक भरदुपारी पालथा निजला होता. डाव्या खांद्याखाली पळीच्या तोंडाएवढा फिकट चट्टा. पिन टोचावी आणि तो कळवळावा, एवढंच त्यांना हवं होतं. पण टोक कातडीजवळ नेऊन त्यांनी हात मागे घेतला. आणि नाहीच कळवळला तर?

"आज्जी, बाबाला काय करतेस?" नात राजनंदिनी दारात उभी होती.

"काय न्हाई गं. माशी बसली व्हती."

पिन पदराला गेली. भीती जागची हलली नाही.

तो चट्टा त्यांच्या ओळखीचा होता. लहानपणी, करमाळ्याकडच्या गावात, वडिलांच्या पाठीवर असाच उमटला होता, टोचलं तरी न कळणारा. पुढे बोटं गेली, आणि भावकीनं त्यांना शेताच्या बांधावर खोपीत नेऊन टाकलं. कळकाच्या टोकाला भाकरी बांधून ती आत सरकवायची, हे काम मालनचं. महारोग हा शब्द त्यानंतर त्यांनी तोंडातून काढला नाही.

येरवड्यातल्या ह्या खोलीत माणसं चार. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. राजनंदिनी बापाच्या कुशीतच झोपायची. दुसरी जागा होती कुठे? मालनबाईंनी शंभूचं ताट वेगळं काढलं. पांघरूण वेगळं ठेवलं. संध्याकाळचं कीर्तन सुटलं. टाळ हातात घेतले की आधी स्वतःची बोटं चाचपून बघावीशी वाटत.

"आत्याबाई," सून भाग्यश्री शेवटी म्हणाली, "घरचा माणूस हाय का पाहुणा? रोज वेगळं वाढताय."

"त्याला दवाखान्यात धाड. मग वाढते एकात."

शंभू कुरकुरत नाक्यावरच्या नव्या दवाखान्यात गेला. मालनबाई उंबऱ्यात बसून राहिल्या. देवाचं नाव घ्यायला जावं, तर मध्येच ती खोपी दिसे.

तो परतला तो हसतच.

"झालं समाधान? कोड हाय म्हणला डॉक्टर."

"कोड?"

"कोडच. दोनदा विचारलं मी. भला माणूस हाय, उत्तरेकडचा, गोड बोलतो. मोठ्या दवाखान्यात जा म्हणला, गोळ्या फुकट मिळत्यात. आता कोडाच्या गोळ्यांसाठी खाडा कोण करणार? कोडानं मेलंय का कुणी?"

मालनबाईंनी भिंतीला पाठ टेकली. कोड. म्हणजे नुसता रंग गेलेला. ना बोटं जात, ना कुणाला लागत. किती दिवसांनी छातीभर श्वास आला.

"मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या. "तेवढाच उजळलास."

शंभू खो खो हसला. भाग्यश्रीही हसली, आणि न विचारता तिनं वेगळं ताट मांडणीवर पालथं घातलं.

थंडी सरली. चट्ट्याशेजारी आणखी एक उमटला. कोड पसरतंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. राजनंदिनी बापाच्या हातची उष्टी भाकरी ओढून खाई, त्याच्या गळ्यात हात टाकून झोपे. मालनबाई पुन्हा कीर्तनात टाळकऱ्यांच्या पुढच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. बुवांनी नामाचा गजर धरला की त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढे.

एका संध्याकाळी त्या कीर्तनाहून शिऱ्याचा प्रसाद घेऊन आल्या. चौघं एका ताटाभोवती बसली. शेजारची नजमा नेलेली चाळण परत द्यायला आली आणि दारातच थबकली.

"ये गं. शिरा घे," मालनबाई म्हणाल्या.

"नको मावशी, उठू नका. पण आज सांगतेच तुम्हाला." नजमाचे डोळे भरून आले होते. "शंभूभाऊ डॉक्टरकडे गेले होते ना, तेव्हा मी त्यांच्या मागेच नंबर लावून बसले होते. डॉक्टर हिंदीत 'कोढ' म्हणाला, म्हणजे महारोगच की. वाटलं, आता घरचे ह्यांना बाहेर काढणार."

तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"आणि तुम्ही तर नातीलासुद्धा त्यांच्याच ताटात जेवू घालता."