दोन शिखरं

"दोन शिखरं म्हणजे दोन पदार्थ," असं म्हणून प्रोफेसर सेराफिम यांनी प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखावर बोट ठेवलं आणि ते खुर्चीत मागे रेलले.

त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या कालिनाला वाटलं, सर फिरकी घेताहेत. ही त्यांची जुनी खोड होती. मुद्दाम चुकीचं बोलायचं आणि समोरचा मान डोलावतो का ते बघायचं. डोलावली, की त्याची शंभरी भरलीच. पहिल्या वर्षाला असताना तिनं नेमकं हेच उत्तर दिलं होतं, तेव्हा सर भर वर्गात म्हणाले होते, "आज घरी जाऊन आरशात बघ, आणि आईला सांग, मला जुळी बहीण झाली." पोरं तिला पुढं वर्षभर 'जुळी' म्हणून हाक मारायची.

"परीक्षा घेताय का सर माझी?"

"परीक्षा कसली? डोळ्यांना दिसतंय ना. नमुन्यात भेसळ असणार. पुन्हा शुद्ध करून घे."

ते हसत नव्हते. कालिनाच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी सरांच्या बायकोचा फोन आला होता. "आज त्यांच्या जवळच राहा हं, पोरी," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. ती म्हणाली होती, राहीन की, त्यात काय. त्या तसं का म्हणाल्या, ते तिला आत्ता कळलं.

उघड्या खिडकीतून भाजलेल्या मिरच्यांचा खमंग वास येत होता. सप्टेंबरात सगळं श्टिप गाव हिवाळ्याच्या आयवारसाठी, म्हणजे वर्षाच्या चटणीसाठी, मिरच्या भाजत बसतं. खाली सभागृहात खुर्च्या सरकत होत्या. बारा वाजता सरांचं भाषण होतं. कुठून कुठून माणसं आली होती, आणि विषय होता हाच आलेख.

त्या आलेखात पदार्थ एकच होता, इलेक्ट्रोडला चिकटून बसलेलं एक रंगद्रव्य. विजेचा दाब त्याला चौकोनी लाटांनी द्यायचा, म्हणजे प्रत्येक पायरीवर एकदा पुढं ढकलायचं आणि एकदा मागं ओढायचं. अभिक्रिया फार चपळ असली आणि धक्का मोठा असला, की जातानाचं शिखर एकीकडे सरकतं, परततानाचं दुसरीकडे, आणि एकाची दोन दिसायला लागतात. हे याच खोलीत, याच टेबलाशी बसून सेराफिम सरांनी शोधून काढलं होतं. त्यांचं नाव झालं ते यावरच. आता तासाभरानं ते साऱ्या जगासमोर उभे राहून सांगणार होते, की नमुन्यात भेसळ आहे.

"सर, धक्का जरा लहान करून बघू या का?" तिनं विचारलं.

"बघ की. काय फरक पडणार आहे?"

तिनं आकडा बदलला. रेघ सरकत आली, आणि दोन शिखरांमधली दरी उथळ झाली. तिनं आणखी कमी केला. आता दोन्ही एकमेकांत मिसळून गेली आणि पडद्यावर एकच गुळगुळीत टेकाड उरलं.

"दोन पदार्थ असते, तर लहान धक्क्याला ते आणखी स्पष्ट, वेगवेगळे दिसले असते," ती म्हणाली. हे वाक्य सरांचंच होतं. ते ती त्यांनाच परत ऐकवत होती.

सर पुढं झुकले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "थांब, थांब. म्हणजे एकच आहे तो. जाताना इथं सापडतो, येताना तिथं. धक्का मोठा, म्हणून आपल्याला दोन वाटतात." एका दमात त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं. बुद्धी अजून तशीच लखलखीत होती, आणि कालिनाला त्याचंच जास्त वाईट वाटलं. "पुन्हा कर बघू."

तिनं पुन्हा केलं. सर पोरासारखे खुलून हसले.

"किती सुंदर आहे गं हे. कुणी शोधलं?"

तुम्ही, सर. शब्द तिच्या ओठांवर आले. पण तो चेहरा बघून तिचा धीर झाला नाही. "इथलेच आहेत एक जण," ती म्हणाली. "आज बोलणार आहेत खाली."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस? ऊठ, चल. पुढं जागा मिळायला हवी."

तिनं त्यांचा टाय सारखा केला, कोट चढवून दिला. जिना उतरता उतरता तिनं मनाशी ठरवून टाकलं. डीनच्या कानात सांगायचं, सरांचा घसा बसलाय, मीच बोलते. भाषणातला शब्दन् शब्द तिला पाठ होता. पाहुणे उद्या आपापल्या गावी जातील, कुणाला काही कळायचं कारण नाही. निदान आज तरी.

बाजूच्या दारानं तिनं त्यांना आत नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. सर खूश होते. शेजारच्या पाहुण्याला म्हणालेही, "छान जागा मिळाली." कालिना लगबगीनं डीनकडे निघाली. पण ती पोचायच्या आत त्यानं माईक हातात घेतला होता.

"ज्यांच्यासाठी आपण सगळे आज इथं जमलो आहोत," डीन म्हणाला, "ते आपल्या सर्वांचे गुरू इथं आले आहेत."

अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. कालिनानं वळून पाहिलं.

सरही उठून उभे राहिले होते. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत, मान उंच करून, ते मागं दाराकडे बघत होते.